‘जरा’ म्हणजे किती?

(पळसदरी येथे भरलेल्या आपल्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला फोन करून सांगितलं, “दोन शब्द बोल.” मी विचारलं, “दोन म्हणजे किती वेळ?” तर पलीकडून उत्तर आलं, “वीस मिनिटं धर.” वीसहून जास्त वर्षं मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे दोन म्हणजे दोनच असतात. पण मी पळसदरीचीही आहे, त्यामुळे दोन शब्द म्हणजे वीस मिनिटं हा हिशेब मला लगेच पटला. त्याच फोनवर मला सांगण्यात आलं की जेवण “साधंच” आहे. तिकडे मडक्यातून वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा जो वास येतो आहे, त्यावरून हे “साधंच” किती आहे ते तुम्हीच ठरवा.

काल संध्याकाळी मी खोपोली लोकलने इथे उतरले. वाटेत एका मैत्रिणीने “घोटभर चहा” घ्यायला घरी नेलं. चहाच्या आधी थालीपीठ झालं, चहाच्या नंतर तांदळाची खीर झाली. निघताना तिने हातावर साडी ठेवली आणि म्हणाली, “फूल ना फुलाची पाकळी.” आपल्या भाषेत हे पदोपदी चालतं. बोलावताना आपण मीठभाकरी खायला बोलावतो, बंगला बांधला की “गरिबाच्या झोपडीत या” म्हणतो, आणि पाच हजारांची वर्गणी देताना “खारीचा वाटा” म्हणतो.

असं मुद्दाम कमी करून बोलण्याला इंग्रजीत अंडरस्टेटमेंट म्हणतात. मराठीत न्यूनोक्ती म्हणता येईल, पण तो शब्द मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, म्हणून इंग्रजीच वापरते. बाई आपल्याला व्याकरणात उपमा, उत्प्रेक्षा, रूपक शिकवायच्या. अतिशयोक्ती अलंकार तर आपल्या फार आवडीचा होता, कारण त्याची उदाहरणं पाठ करावी लागायची नाहीत, वर्गातच मिळायची. तिच्या उलट्या बहिणीला मात्र आपल्या पुस्तकात धडा नव्हता. तिची ओळख मला आपल्या इंग्रजीच्या सरांनी करून दिली, तीही मला न कळता.

आपल्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आठवीत असताना सरांनी ‘पावसाळ्यातला एक दिवस’ यावर इंग्रजीत निबंध लिहून आणायला सांगितला. मी दोन रात्री जागून लिहिला. घाट, धबधबे, दरड, ओल्या दप्तराचा वास, सगळं घातलं. वही परत आली तेव्हा शेवटी लाल शाईने दोनच शब्द होते: नॉट बॅड. मी शब्दाला शब्द लावून अर्थ काढला, “वाईट नाही.” म्हणजे चांगलाही नाही! कर्जत ते पळसदरी गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. घरी बाबांनी विचारलं काय झालं. मी वही दाखवली आणि अर्थ सांगितला. बाबा म्हणाले, “मग रडतेस कशाला? आमचे साहेब तर एवढंसुद्धा म्हणत नाहीत.”

मागच्या महिन्यात या भाषणाच्या निमित्ताने सरांना फोन केला आणि तीस वर्षांची ही तक्रार एकदाची नोंदवली. सर हसले. म्हणाले, “अगं, त्या वर्षी सबंध आठवीत मी दोघांनाच नॉट बॅड दिलं होतं.”

सर, हे तेव्हा सांगायला काय झालं होतं!

पण सरांचा दोष नाही. “नॉट बॅड” ही इंग्रजीतली एक ठरलेली युक्ती आहे. उलट गुणाचं नाव घ्यायचं आणि ते नाकारायचं. या प्रकाराला त्यांच्याकडे लायटोटीज असं जडसं नाव आहे. नाव जड असलं तरी वस्तू आपल्या घरातलीच आहे. “खर्च काही थोडाथोडका झाला नाही” म्हणजे भरपूर झाला. “तो काही साधासुधा नाही” म्हणजे बिलंदर आहे, जपून. “तिचं म्हणणं वावगं नाही” म्हणजे बरोबर आहे, फक्त कबूल करायला जीवावर येतंय. “ती कोणाच्या बापाला ऐकणारी नाही” हे कोणाविषयी म्हणायचे ते वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवते, कारण माझी स्वतःची त्यात बरीच वर्षं गल्लत व्हायची. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाही, वाढवतो. घरातून निघताना “जाते” न म्हणता “येते” म्हणतो. हे कमी करून बोलणं नव्हे, अशुभ टाळणं आहे. तिथे वस्तूचं नाव बदलतं. अंडरस्टेटमेंटमध्ये नाव तेच राहतं, फक्त माप लहान सांगायचं असतं आणि खरं माप ऐकणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं असतं. म्हणून बोलणारा आणि ऐकणारा या दोघांकडे एकच मोजपट्टी लागते. दोन मोजपट्ट्या असल्या की काय होतं ते मी नोकरीत शिकले.

पुण्यात नोकरीला लागून मला दोनेक वर्षं झाली होती. आमचं गिऱ्हाईक इंग्लंडमधली एक विमा कंपनी होती. महिनाअखेरीला सगळ्या पॉलिसींचा हिशेब रात्रभर चालायचा आणि सकाळी त्यांच्या शाखा उघडायच्या आत संपायचा. तिकडचा आमचा माणूस वयाने मोठा, फार सभ्य. एका मेलच्या शेवटी त्याने लिहिलं होतं की महिनाअखेरीच्या कामाबद्दल मला “अ स्लाइट कन्सर्न” आहे, “यू माइट वॉन्ट टु हॅव अ लुक.” मी आठवीतल्यासारखाच अर्थ लावला. स्लाइट म्हणजे किंचित. माइट वॉन्ट म्हणजे वाटलं तर बघा. मला वाटलं नाही. मी त्याची नोंद तिसऱ्या क्रमांकाच्या निकडीत केली आणि दुसऱ्या कामाला लागले.

तो महिनाअखेरीचा हिशेब सकाळपर्यंत संपला नाही. शाखा उघडल्या तेव्हा पडद्यावर मागच्या महिन्याचे आकडे होते. दुपारी आमचा कॉल झाला. मी पोटात गोळा घेऊन बसले होते, आता हा माणूस ओरडणार. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला की झालं ते “अ बिट अनफॉर्च्युनेट” झालं. मला हायसं वाटलं! मी शेजारी बसलेल्या वरिष्ठांकडे बघून हसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कॉल संपल्यावर ते म्हणाले, “अगं, हसतेस काय? त्याच्या भाषेत याच्यापुढे फक्त करार तोडणं उरलं आहे.”

करार तुटला नाही, पण तुटायला आला होता. मी त्यानंतर एक वही घातली आणि इंग्रजांच्या मेलमधले शब्द आणि त्यांचे पुढे झालेले परिणाम लिहीत गेले. “क्वाइट गुड” हा त्यातला सगळ्यात फसवा. अमेरिकन माणूस म्हणतो तेव्हा तो “चांगलंच झालंय” म्हणतो. इंग्रज म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा “ठीक आहे, पण मला अजून अपेक्षा होती” म्हणतो. शब्द तोच, स्पेलिंगही तेच. अमेरिकनांची चूक उलट्या बाजूची. त्यांच्याकडे “ग्रेट” म्हणजे पोचलं, “ऑसम” म्हणजे चालेल. आमच्या टीममध्ये नवी मुलं आली की मी त्यांना सांगते, रुपया-पौंड-डॉलरचा भाव जसा बघता तसा विशेषणांचाही बघा. इंग्रजांच्या “स्लाइट”ला चाराने गुणा आणि अमेरिकनांच्या “ऑसम”ला चाराने भागा. मुलं हसतात आणि पहिल्याच महिन्यात फसतात.

आता कोणी म्हणेल, ही सगळी सभ्यतेची नाटकं आहेत, त्यात एवढं काय. पण लढाईत आणि आकाशातही हाच खेळ झालेला आहे.

एप्रिल 1951. कोरियाच्या युद्धात इमजिन नदीकाठी ब्रिटिशांची एक ब्रिगेड चिनी सैन्याच्या प्रचंड लोंढ्यासमोर उभी होती. तिच्यातली ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची तुकडी एका टेकडीवर वेढली गेली. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांना वरच्या अमेरिकन जनरलने परिस्थिती विचारली. ब्रॉडी म्हणाले, “थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.” इंग्रज सैनिकाने हे ऐकलं असतं तर त्याला घाम फुटला असता. अमेरिकनाने ऐकलं की जरा अडचण आहे, पण निभावतंय. मागे यायचा हुकूम वेळेत निघाला नाही, मदतही पुरेशी गेली नाही, अशी ही गोष्ट सांगितली जाते. लढाईत एकाच वाक्यामुळे सगळं घडतं असं मी मानत नाही, तिथे इतरही शंभर कारणं असणार. पण त्या तुकडीचे पाचशेहून जास्त सैनिक शत्रूच्या हाती कैदी म्हणून लागले.

दुसरी गोष्ट 25 जानेवारी 1990 ची. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं बोइंग 707 न्यूयॉर्कला उतरायला आलं होतं. हवा खराब, विमानांची गर्दी. त्याला तासाहून अधिक वेळ हवेत घिरट्या घालायला लावलं. इंधन संपत आलं होतं. सहवैमानिकाने नियंत्रकांना प्राधान्य द्या म्हणून सांगितलं, आमचं इंधन संपतंय असंही सांगितलं. पण “इमर्जन्सी” हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. नियंत्रकांच्या कानाला “प्रायॉरिटी” हा रोजचा शब्द होता. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 जणांपैकी 73 गेले. मी ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ गप्प बसून होते. हा माणूस इंग्रज नव्हता, आपल्यासारखाच दुसऱ्या भाषेतून इंग्रजी शिकलेला. त्याला शब्द येत नव्हता असं नाही. मला वाटतं, मोठ्याने बोलणं जीवावर आलं असावं. आपल्यापैकी किती जण दवाखान्यात, ऑफिसात, बँकेत तसेच उभे असतो!

तिसरी मात्र माझी आवडती. 24 जून 1982. ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट रात्रीच्या वेळी जावा बेटाजवळून जात होतं आणि गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. एकामागून एक चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की आपल्यापुढे एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती पुन्हा सुरू करायचा आम्ही जिवापाड प्रयत्न करतो आहोत. ती सुरू झाली. विमान जकार्ताला उतरलं, सगळे वाचले. ते “छोटीशी अडचण” जगभर गाजलं. पण त्याच्या आधी त्याच कॉकपिटमधून जकार्ताच्या नियंत्रकांकडे काय गेलं होतं ते कमी लोक सांगतात. तिथे छोटीशी वगैरे काही नव्हतं. तिथे “मेडे, मेडे” आणि चारही इंजिनं गेली, एवढंच. ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांच्यासाठी एक भाषा आणि ज्यांना काही करायचं होतं त्यांच्यासाठी दुसरी.

माझ्या धंद्यातही याचा बंदोबस्त केलेला आहे. संगणक आपल्या तब्येतीची नोंद सतत लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. त्यातल्या प्रत्येक ओळीला निकडीचा दर्जा असतो. एका जुन्या आणि अजून वापरात असलेल्या पद्धतीत असे आठ दर्जे आहेत, 0 ते 7. शून्य म्हणजे इमर्जन्सी, सात म्हणजे नुसती बारीकसारीक नोंद. यंत्राला लाज नसते, म्हणून हे सोपं जातं. तरी दर्जा ठरवणारा माणूसच, आणि आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमची चूक “एरर” म्हणून नोंदवायला त्याचा हात आखडतो. मग तो “वॉर्निंग” लिहितो. वॉर्निंग इतक्या साठतात की कोणी वाचत नाही.

हवामान खात्यानेही शब्दांना आकडे बांधून दिले आहेत. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून 115.5 पर्यंत पाऊस म्हणजे मुसळधार, 115.6 पासून 204.4 पर्यंत अति मुसळधार, आणि त्याच्यावर अत्यंत मुसळधार. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, त्याला त्यांच्याकडेही वेगळा शब्द नव्हता. आपल्या तालुक्यांत बातम्यांमधलं “मुसळधार” हे विशेषण वाटतं. ते विशेषण नाही, माप आहे. जुलै 2023 मध्ये आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत आणि शोध थांबवला गेला. तेव्हापासून आमच्या घरी कोणी “पाऊस जरा जास्तच आहे” म्हणालं की मी विचारते, किती मिलिमीटर?

आणि आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या गोष्टीकडे येते.

माझे बाबा रेल्वेत गँगमन होते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. पळसदरीच्या पुढे घाट सुरू होतो. 1863 साली तयार झालेला हा बोरघाट, 37 फुटांना एक फूट असा चढ. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, तेवढ्या वेळात आपण वडे खाल्लेले आहेत. पावसाळ्यात बाबांची रात्रीची पेट्रोलिंग असायची. डोक्यावर घोंगडी, हातात दिवा, खांद्याला पिशवी, पिशवीत लाल झेंडा आणि फटाके. सकाळी परत आले की आई विचारायची, कशी गेली रात्र? बाबा म्हणायचे, “काही नाही, जरा माती आली होती.”

ते “जरा माती” काय असायचं ते आम्हाला शाळेत जाताना स्टेशनवर कळायचं. दोन्हीकडच्या गाड्या बंद. एकदा तर जीपएवढा दगड रुळात येऊन बसला होता आणि बाबा त्याच्यापासून किती पावलांवर होते ते त्यांच्या मुकादमाकडून आईला आठवड्याने कळलं. आईने बाबांना जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, “दगड आला, मला लागला नाही. सांगायचं काय त्यात?”

पण हेच बाबा नोकरीवर असं बोलत नसत. हे मला खूप उशिरा कळलं. मी नोकरीत लागल्यावर एकदा मी त्यांना विमा कंपनीचा तो किस्सा सांगितला, आणि विचारलं की तुमच्याकडे दरड आली तर तुम्ही काय करायचात. बाबांनी पाठ असल्यासारखं सांगितलं. आधी गाडी थांबवायची, निरोप नंतर. अडथळ्यापासून 600 मीटरवर एक फटाका रुळावर लावायचा, पुढे 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. ड्रायव्हर झोपेत असला तरी चाकाखाली तो आवाज होणारच. मग स्टेशनला कळवायचं, किलोमीटर किती, खांब कुठला, अप की डाऊन की मिडल, किती डबे लांबीची माती. “आणि जरा माती आलीय असं सांगितलं तर?” मी विचारलं. बाबा चिडले. “असं कसं सांगीन? गाडी येत असते!”

बाबांना मूडी कॅप्टनचं नाव माहीत नव्हतं. पण घरच्यांना एक आणि स्टेशन मास्तरला दुसरं, हे ते त्याच्यासारखंच पाळत आले होते.

निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. मी पुण्यात. रोज रात्री फोन. सात वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री ते म्हणाले, “जरा ॲसिडिटी झालीय. जेवलो नाही.” मी म्हटलं, “गोळी घ्या आणि झोपा.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “कालच्यापेक्षा बरं आहे, जरा दम लागतो.” मी विचार केला, शनिवारी जायचंच आहे, तेव्हा बघू. लक्षात घ्या, तेव्हा माझी इंग्रजांवरची ती वही दोनशे पानांची झाली होती. कंपनीत मी यावर नव्या मुलांचे वर्ग घ्यायचे. कोणा इंग्रजाने “स्लाइट” म्हटलं की रात्री उठून लॅपटॉप उघडणारी मी. आणि माझ्या बापाचं “जरा” मी जसंच्या तसं घेतलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी फोन केला. बाबा ओट्यावर बसूनच होते, आत जायला उठता येत नव्हतं. कर्जतला ईसीजी काढला, तिथून पनवेलला नेलं. डॉक्टर म्हणाले, झटका येऊन दोन दिवस होऊन गेलेत, आणि हृदयाचं नुकसान थोडंथोडकं नाही. दोन दिवस आधी आणलं असतं तर? मी विचारलं. डॉक्टरांनी सभ्यपणे उत्तर दिलं, “फरक पडला असता.” हे वाक्य किती कमी करून म्हटलेलं होतं ते समजायला मला कुठलीही वही लागली नाही.

बाबा घरी आले. घाट चढणारा माणूस, स्टेशनचा जिना चढताना दोनदा थांबायला लागला. मी पुष्कळ दिवस त्यांच्यावर चिडलेली होते. खरं म्हणजे स्वतःवर चिडले होते, पण ते त्यांच्यावर काढत होते. एकदा म्हटलं, “बाबा, आयुष्यभर ड्रायव्हरांना फटाके लावून सांगितलंत, आणि मला ॲसिडिटी म्हणालात?” बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू काय स्टेशन मास्तर आहेस का? तू पोर आहेस. तुला कशाला घाबरवायचं?”

त्यांच्या हिशेबात मी प्रवाशांमध्ये होते. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग मी त्यांच्याशी करार केला. डॉक्टरांची ती एक ते दहाची पट्टी त्यांना जमत नव्हती, कितीही दुखलं तरी ते “दोन” म्हणायचे. म्हणून आम्ही त्यांचीच पट्टी घेतली. रात्रीच्या फोनवर मी तब्येत विचारायची नाही. विचारायचं, “घाटात काय?” आणि त्यांनी स्टेशनला कळवल्यासारखं खरं सांगायचं. काही नसेल तर लाइन क्लिअर. थोडं असेल तर किती डबे. पहिले दोन-तीन महिने त्यांना ते पोरखेळ वाटलं. मग सवय झाली. “आज अर्धा डबा, गुडघ्यापाशी.” “एक डबा, पण हटवली सकाळी.” गंमत म्हणजे या भाषेत ते कधी कमी सांगत नाहीत. तिथे खोटं सांगणं त्यांच्या हाडात नाही.

तीन वर्षांपूर्वी पहाटे पावणेपाचला फोन वाजला. मी “हॅलो” म्हणायच्या आत आवाज आला, “दोन्ही लाइनी बंद.” तेवढंच. आपल्या वर्गातला डॉक्टर मित्र कर्जतला राहतो, तो समोर बसला आहे, मान खाली घालून. मी त्याला फोन केला, तो पंधरा मिनिटांत गाडी घेऊन दारात होता. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. मी पुण्याहून निघून पनवेलला पोचले तोवर बाबांची अँजिओप्लास्टी झालेली होती. त्याचे आभार मानायला मी आजवर तोंड उघडलं की तो “त्यात काय एवढं” म्हणतो, म्हणून आज माइकवरून मानते. आता बोल.

बाबा मागे खुर्चीवर बसले आहेत, पांढरी टोपी, मडक्यापासून सगळ्यात जवळ. मघाशी येताना विचारलं, घाटात काय? म्हणाले, लाइन क्लिअर.

सर, शेवटचं तुमच्याशी बोलते. मागच्या महिन्यात फोनवर मी तुम्हाला विचारलं, तब्येत कशी आहे. तुम्ही म्हणालात, “नॉट टू बॅड. कधी कधी जरा चक्कर येते, एवढंच.” मघाशी पायऱ्या चढताना तुम्ही भिंतीला हात लावलात तो मी पाहिला. जेवायला मी आणि आपला डॉक्टर तुमच्या दोन बाजूंना बसणार आहोत. मी तुम्हाला विचारणार आहे, किती डबे. बाबांनी पट्टी समजावून द्यायचं कबूल केलं आहे.

वीस मिनिटं झाली.